मदत हवी आहे : माहितीपटासाठी लहान मुलांच्या मुलाखती (स्टुडिओत, दोन कॅमेरे)

फिरकी

नमस्कार मंडळी. मुलांच्या अंगणातल्या खेळांवर, म्हणजे विटीदांडू, लगोरी, सागरगोटे, भोवरा वगैरे, एक माहितीपट चालू आहे. त्यात ६ ते ११ वयाच्या १४ मुलांच्या मुलाखती आहेत, सगळ्या स्टुडिओत. जागा पुण्यात भाड्याची, २० बाय २५ फूट, एका बाजूला पांढरी गोलाईची सायक्लोरामा (पार्श्वभूमीची) भिंत. दोन दिवस मिळालेत.

हाताशी फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरे दोन, ८५ मिमी एफ १.८ आणि २४-७० एफ २.८ लेन्स, एक शॉटगन माइक (लांबट, समोरचाच आवाज पकडणारा), एक वायरलेस कॉलर माइक, दोन चॅनेलचा रेकॉर्डर, २०० वॉटचे दोन एलईडी आणि एक मोठा ऑक्टाबॉक्स (दिव्याचा प्रकाश मऊ करणारी आठकोनी पेटी).

दोन मुलांवर चाचणी झाली. उत्तरं एका शब्दाची: 'हो', 'आवडतं', 'माहीत नाही'. प्रश्नकर्त्याचा आवाज नंतर कापायचाय, म्हणून 'प्रश्न उत्तरात घेऊन बोल' सांगितलं, तर मूल थेट 'माझा आवडता खेळ' हा निबंध म्हणायला लागतं. ८५ वर मूल जरा पुढे झुकलं की फोकस गेलाच. कॉलर माइकवर कपड्याची खरखर आहे, आणि एकूण आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतोय.

शिवाय परवानगी कुणाची लागते? पालकांची सही घेतली की झालं का?

कानसेन

प्रश्नकर्त्याचा आवाज कापायचाच, हा हट्ट आधी सोडा. निम्मी अडचण तिथेच आहे. मोठा माणूस प्रश्न पोटात घेऊन पूर्ण वाक्य देऊ शकतो. सात वर्षांच्या मुलाला तसं करायला लावलं तर त्याला आठवायचंही असतं आणि वाक्यही जुळवायचं असतं; वाक्य जुळवण्याच्या नादात आठवणं राहून जातं. वर 'असं बोल' म्हटलं की त्याच्या लेखी तोंडी परीक्षा सुरू झाली. 'कोण जिंकतं?' 'मीच!' हा तुकडा प्रश्नासकट ठेवा, 'आमच्या खेळात नेहमी मी जिंकतो' यापेक्षा कितीतरी जिवंत लागेल.

मग प्रश्नकर्त्याचा आवाजही वापरण्याजोगा हवा. चॅनेल दोनच आहेत, तर मुलाला वरून बूम (काठीला लावलेला माइक) द्या आणि कॉलर माइक प्रश्नकर्त्याला लावा. उलटं करू नका. मूल माइकच्या वायरशी खेळतं, छातीवर हात आपटून 'मी' म्हणतं, कमरेच्या ट्रान्समीटरवर रेलून बसतं. क्लिप-ऑन ट्रान्समीटर असेल तर त्याच्या वजनानेच टी-शर्टचा गळा खाली ओढला जातो.

डब्यासारखा आवाज येतो तो शॉटगन आणि ती भिंत यांच्या जोडीमुळे. शॉटगन बाजूने येणारा आवाज नुसता कमी करत नाही, त्याचा पोतही बिघडवतो, आणि लहान कडक खोलीत बाजूने येतात ते सगळे प्रतिध्वनीच. छोटा हायपरकार्डिऑइड किंवा सुपरकार्डिऑइड कंडेन्सर माइक (हेही मुख्यतः समोरचा आवाज उचलतात, पण लांब नळीशिवाय) दोन दिवसांसाठी भाड्याने घ्या. डोक्याच्या ४० ते ५० सेंमी वर, किंचित पुढे, रोख छातीच्या वरच्या भागाकडे. स्टँडवर नको, काठी धरायला माणूस हवा, कारण मूल हलणारच.

गोलाईची भिंत अंतर्वक्र असते, ती आवाज गोळा करून परत फेकते. मुलाला तिच्या कुशीत न बसवता भिंतीपासून किमान आठ फूट पुढे घ्या. गाद्या-गोधड्या मुलाच्या मागे लावून फार उपयोग नाही. तोंड जिकडे आहे तिकडे, म्हणजे कॅमेऱ्यांच्या मागे, दोन स्टँडवर आडवा पाइप टाकून जाड गोधड्या दुहेरी टांगा. भिंतीला चिकटवू नका, मध्ये चार-सहा इंच मोकळे राहू द्या. खुर्चीखाली सतरंजी. एसीने खोली आधी गार करून घ्यायची आणि टेकच्या वेळी एसी बंद.

लेव्हल साध्या बोलण्याला उणे १८ डीबीच्या आसपास ठेवा. मोठ्यांसाठी ठेवता तशी उणे १२ नको, कारण लगोरी फुटल्याचं सांगताना मूल ओरडणार आणि सुरक्षेच्या जादा (कमी लेव्हलच्या) ट्रॅकला तुमच्याकडे चॅनेल उरलेला नाही. मुलांच्या आवाजाचा पाया साधारण २५० ते ३०० हर्ट्झवर असतो, त्यामुळे १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) बिनधास्त लावा.

पांढरपडदा

फोकसचं गणित सोपं आहे (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी). फुल-फ्रेमवर ८५ मिमी, एफ १.८, अंतर २ मीटर: स्पष्टतेची पट्टी जेमतेम ६ सेंमी. मूल बोलता बोलता १५-२० सेंमी पुढे येतं. आय-ऑटोफोकस (डोळ्यांवर आपोआप फोकस) चालू असला तरी हात तोंडासमोर आला की तो शोधाशोध करतो. त्याच अंतरावर ५० मिमी, एफ ५.६ घ्या, पट्टी ५५ सेंमीच्या आसपास मिळते. तुमच्या २४-७० मध्ये ५० आहेच. किंमत मोजायची ती प्रकाशात: १.८ वरून ५.६ म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश कमी. ऑक्टाबॉक्स सव्वा मीटरवर आणा, उरलेलं आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवून भरून काढा. थोडा नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) चालतो, धूसर डोळे चालत नाहीत.

फ्रेम सैल ठेवा. फोर-के चित्रित करून एचडीत संकलन केलंत तर क्लोजअप नंतर काढता येतो. मूल हललं म्हणून कॅमेरा मागे पळवत बसू नका.

कॅमेऱ्याची उंची हा सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा. ३०-३२ सेंमी उंचीच्या बालखुर्चीत बसलेल्या सात वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण ८५ सेंमीवर येतात. लेन्स तिथेच हवी. ट्रायपॉड तेवढा खाली जातो का हे आधी बघा, मधली दांडी अडते. प्रश्नकर्ता पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर, लेन्सला खेटून. तो खुर्चीत बसला तर मूल अख्खी मुलाखत वर बघत राहतं. फिरती खुर्ची वर्ज्य. पाय लोंबकळले तरी हलतात आणि मग सगळं अंग हलतं, म्हणून तळवे जमिनीला टेकायलाच हवेत.

दुसरा कॅमेरा बाजूने वाइड, प्रश्नकर्ता आणि मूल दोघंही दिसतील असा. वरच्या प्रतिसादाप्रमाणे प्रश्न ठेवणार असाल तर हा शॉट सोन्यासारखा, कारण कट लपवायला तोच असतो. दोन्ही कॅमेरे दोघांमधल्या रेषेच्या एकाच बाजूला. २५ फ्रेम, शटर १/५०, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झ विजेवर छताचे दिवे फडफडणार नाहीत.

स्टँडवर वाळूच्या पिशव्या आणि वायरवर गॅफर टेप हे मुलांच्या बाबतीत ऐच्छिक नाही.

खडूफळा

तांत्रिक बाजू वर आलीच आहे. एकशब्दी उत्तरांचं कारण मात्र प्रश्नांत आहे. तुमचे प्रश्न बहुतेक 'लगोरी आवडते ना?' या घडणीचे असणार. हा 'ना' काढून टाका. त्याला 'हो' शिवाय उत्तर नसतं, आणि मोठ्यांना 'नाही' म्हणायची मुलांना सवय नसते.

'का?' आणि 'केव्हा?' हेही सहा-सात वर्षांच्या मुलांना जड जातात. 'तुला भोवरा का आवडतो?' याचं उत्तर 'कारण तो छान असतो' एवढंच येणार. त्याऐवजी कृती विचारा: 'भोवऱ्याला जाळी (दोरी) कशी गुंडाळतात? मला येत नाही, सांग.' मग 'पुढे काय?', 'मग?', 'आणि त्याने काय केलं?' एवढ्यावर पाच मिनिटं सहज निघतात. प्रश्नकर्त्याला खरंच येत नसेल तर उत्तम. नाटक मुलं लगेच ओळखतात.

तोच प्रश्न पुन्हा विचारू नका. मुलाला वाटतं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते उत्तर बदलतं. माहितीपटात हे धोक्याचं आहे, कारण दुसरं उत्तर तुमच्या मनातलं असतं, त्याच्या मनातलं नसतं. आवाज बिघडला म्हणून पुन्हा हवं असेल तर दोष यंत्रावर टाका: 'आमच्या मशीनने ऐकलंच नाही, तू डाव कसा सुरू होतो तिथपासून सांगशील?' आणि जाऊ द्या. शब्दशः तेच मिळणार नाही.

निबंधी भाषेचं कारण वेगळं आहे. कॅमेरा, दिवे, समोर 'सर' किंवा 'मॅडम', म्हणजे मुलाच्या लेखी वर्ग. घरी 'गोट्या खेळाले गेलतो' म्हणणारं वऱ्हाडी मूल इथे 'मी गोट्या खेळावयास गेलो होतो' म्हणतं. उपाय: प्रश्नकर्त्याला 'ताई' किंवा 'दादा' म्हणायला सांगा, आणि जमलं तर त्याच बोलीचा माणूस प्रश्नांना बसवा. मुलाने बोलीतला शब्द वापरला की तोच शब्द पुढच्या प्रश्नात परत द्या. 'म्हणजे गोटी का?' असं प्रमाण भाषेत दुरुस्त केलंत की संपलं.

सुरुवातीला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं, मी चुकलो तर मला टोकायचं, नको वाटलं तर थांबायचं. आणि एकदा मुद्दाम चुका: 'सागरगोट्याला बॅट कुठली वापरतात?' मुलाने हसून तुम्हाला टोकलं की गाडी रुळावर. हे सगळं रेकॉर्डिंग चालू असतानाच. 'आता सुरू करू या' ही घोषणाच नको.

आणखी एक, उत्तर संपल्यावर चार सेकंद गप्प राहा. सगळ्यात चांगलं वाक्य बहुतेकदा त्या शांततेनंतर येतं, आणि तुम्ही 'छान!' म्हणालात तर ते गेलं. 'छान', 'शाब्बास' तसंही टाळा; मग मूल शाबासकीसाठी बोलायला लागतं.

कलमबहाद्दर

पालकांच्या सहीने भागत नाही. १४ वर्षांखालील मुलांसाठी बाल व किशोरवयीन कामगार कायदा (१९८६, दुरुस्ती २०१६) आणि त्याचे २०१७चे सुधारित नियम बघा. दृकश्राव्य निर्मितीत मुलाला घेण्याआधी, चित्रीकरण ज्या जिल्ह्यात त्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, 'नमुना सी'मधल्या हमीपत्रासह. दिवसात ५ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही. दर पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमायची. मानधन देणार असाल तर किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मुलाच्या मनाविरुद्ध काही नाही, हेही नियमातच आहे. मुलाखत 'सहभाग' नाही असा युक्तिवाद करणारे भेटतील. अर्ज करून ठेवणं त्यापेक्षा स्वस्त.

१४ पैकी कुणी बालगृहातलं असेल तर थांबा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख, म्हणजे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील, उघड करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

इतर मुलांच्या बाबतीतही गणवेशावरचं शाळेचं बोधचिन्ह आणि ओळखपत्र फ्रेमबाहेर ठेवा.

फिरकी

सगळ्यांचे आभार. प्रश्न ठेवायचा निर्णय झाला, हायपरकार्डिऑइडही मिळतोय. बालगृहातलं कुणी नाही. दोन शंका उरल्या. पालकांना कुठे बसवायचं? चाचणीत आई मागून 'नीट बस, सांग की' करत होती. आणि दिवसाला ७ मुलं जमतील का?

पांढरपडदा

पालक कंट्रोल रूममध्ये, मॉनिटरसमोर. सेटवर नकोच.

खडूफळा

याला माझा विरोध. सहा वर्षांचं मूल अनोळखी काळोख्या खोलीत आई दिसत नाही म्हटल्यावर दाराकडेच बघत राहील. आई खोलीत हवी, पण बरोबर प्रश्नकर्त्याच्या पाठीमागे, दोन-तीन मीटरवर. म्हणजे मुलाने तिच्याकडे पाहिलं तरी नजर लेन्सच्या जवळच राहते. तिला सांगायचं की मान डोलवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत. हातात मासिक द्या आणि त्यातच बघायला सांगा. नऊच्या पुढच्या मुलांना विचारा, बरीच जण स्वतःच म्हणतात 'आई बाहेर थांब'.

७ जमतील. ६ ते ८ वयाला प्रत्यक्ष बोलणं १५ मिनिटं, मोठ्यांना २० ते २५. रुळायला आणि पुढच्या मुलाच्या तयारीला धरून प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे सव्वापाच तास. लहान मुलं सकाळी, मोठी जेवणानंतर. सगळ्यांना नऊला बोलावू नका. तिसऱ्या क्रमांकाचं मूल दोन तास ताटकळलं की बोलण्यातला सगळा रस गेलेला असतो. प्रत्येकाला आपापल्या वेळेच्या २० मिनिटं आधी. आधीच्या मुलाची मुलाखत मात्र ऐकू देऊ नका, नाहीतर सातही जण तीच उत्तरं देतील.

पांढरपडदा

पाठीमागे बसवण्याचं पटलं. फक्त आईच्या अंगावर प्रकाश पडू देऊ नका.

फिरकी

हातात खेळ द्यावा का? प्रत्यक्ष भोवरा दिला तर बोलणं सोपं होईल असं वाटतं.

कानसेन

भोवरा, सागरगोटे शेवटच्या पाच मिनिटांत. आधी दिलेत तर ते आपटतील, आणि गोट्यांची टकटक नेमकी उच्चारांच्या वारंवारतेत येते, फिल्टरने निघत नाही. हाताला चाळा हवाच असेल तर मऊ कणकेचा गोळा द्या, आवाज शून्य. शेवटी खेळ द्याल तेव्हा बूम खाली आणून खेळाचाही आवाज वेगळा घ्या, संकलनात लागतो. टेरिकॉटचा कडक शर्ट सळसळतो, बूमवरसुद्धा. पालकांना आदल्या दिवशी सुती कपड्यांचं सांगा, बारीक रेघा-चौकडी सोडून.

क्लॅप मुलाच्या तोंडासमोर वाजवू नका, दचकतं. शेवटी मुलालाच टाळी वाजवायला सांगा, दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी. जुळवणी तिथून मागे करता येते. मध्ये कॅमेरा थांबवला तर प्रत्येक तुकड्याला वेगळी टाळी लागेल, म्हणून जुन्या कॅमेऱ्याची सलग रेकॉर्डिंगची २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा आहे का बघून ठेवा.

कार्ड: १०० एमबीपीएसने तासाला ४५ जीबी, दोन कॅमेऱ्यांचे ९०. मुलं रुळण्याची मिनिटंही रेकॉर्ड होणार, तेव्हा दिवसाला ५०० जीबी धरा आणि दोन प्रती. फाइलला मुलाचं नाव न देता क्रमांक द्या. खोलीचा रिकामा आवाज मूल बाहेर गेल्यावर, बाकीची माणसं जागच्या जागी ठेवून, एक मिनिट घ्या. 'एक मिनिट गप्प बस' हे सहा वर्षांच्या मुलाला सांगायच्या भानगडीत पडू नका.