शब्दचर्चा : फॉर्मातली ‘बलस्थानं’ आणि आपलं ‘मला जमतं’

जळगावहून :
नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय, मदत करा. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे, ठिबकचा माल असतो आमचा, बारा वर्षं झाली. यंदा अप्रेझलचा फॉर्म पहिल्यांदा मराठीत आला, त्याचा मनापासून आनंद झाला. पण त्यात एक रकाना आहे, ‘आपली वैशिष्ट्यपूर्ण बलस्थाने लिहा’, आणि त्या एका शब्दापाशी सगळा सेक्शन अडकला. अकरा जणांनी लिहिलं काय, तर मेहनती, प्रामाणिक, वेळेवर येतो. मीपण तेच लिहिलं होतं. फॉर्म परत आले, ‘हे सगळ्यांचं सारखंच आहे, तुमचं स्वतःचं लिहा’ म्हणून.

आता माझ्या शेजारी जे नाना बसतात त्यांचं सांगते. मालाचं चलन हातात पडलं की एकदा वरून खाली वाचतात, मग खिडकीतून बाहेर उभ्या गाडीकडे बघतात आणि म्हणतात, सोळा एमएमची बंडलं आधी घ्या, फिल्टरचे खोके केबिनच्या बाजूला लावा, वरती पाच बंडलांची जागा उरेल. आणि पाचचीच उरते. मी मोजलंय. आमच्याकडे नवीन पोरं आली की निम्मा माल चढवून परत उतरवतात, त्यात तास जातो, हमालांचे हाल वेगळे. या माणसानं रकान्यात लिहिलं ‘मेहनती’. मला फार वाईट वाटलं. हे ‘बलस्थान’ असं विचारलं म्हणून असं झालं का, की आपल्याकडे शब्दच नाही? तुम्ही काय म्हणाल याला?

धुळ्याहून :
ताई, विषय चांगला काढला. ‘बलस्थान’ चूक नाही, पेपरात, भाषणात चालतो, संघाचं बलस्थान फिरकी गोलंदाजी वगैरे. पण तो संघाला, पक्षाला, किल्ल्याला शोभतो. एकट्या माणसानं स्वतःबद्दल ‘माझं बलस्थान’ म्हणायला जीभ वळत नाही हे खरं आहे. त्यापेक्षा ‘जमेची बाजू’ जुना आणि आपला, व्यापाऱ्याच्या वहीतला. एकीकडे जमा, एकीकडे खर्च, आणि माणूस म्हटलं की दोन्ही बाजू आल्याच.

तुमच्या नानांसाठी मी ‘हातखंडा’ म्हणेन, गाडी भरण्यात त्यांचा हातखंडा आहे. इथं एक सांभाळा, हिंदीत ‘हथकंडा’ म्हणजे डावपेच, लबाडीची युक्ती, आणि आपल्याकडे बऱ्हाणपूरकडचं येणंजाणं असल्यामुळे काही जण हातखंडाही त्याच अर्थानं वापरायला लागलेत, ‘त्यानं हा हातखंडा वापरला’ असं. मराठीत हातखंडा म्हणजे निव्वळ कौतुक आहे, नाटकाचा हातखंडा प्रयोग म्हणतात तसा. ते तसंच राहू द्यावं.

भुसावळहून :
हातखंडा, हातोटी, हात बसणं, हाताला चव असणं... आपल्याकडे सगळं हातावर आहे बघा. पण हातावरच नाही. माझे वडील रेल्वेत होते, गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्याच्या चाकावर ठोकत जायचे. चाक धड असलं तर घंटेसारखा आवाज, तडा असला तर बद्द. लहानपणी मला सगळे आवाज सारखेच वाटायचे. त्यांच्याबद्दल लोक म्हणायचे ‘यांना कान आहे’. गाण्याचाच कान असतो असं थोडंच आहे. तसंच कापसाची नजर. जिनिंगवर पूर्वी माणूस कापसाची चिमूट घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी ओढायचा, परत जुळवायचा, परत ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायचा. म्हणून ताई, मी तर रकान्यात सरळ लिहीन, ‘नानांना गाडीची नजर आहे’.

आणि ‘हातगुण’ मात्र नको. डॉक्टरचा हातगुण, रोप लावणाऱ्याचा हातगुण, यात यश जास्त आणि कसब कमी असा अर्थ येतो. नानांचं नशीब नाहीये ते.

शिरपूरहून, सध्या पुण्यात :
आमच्या ऑफिसात हे सगळं टेस्ट देऊन काढतात. क्लिफ्टन स्ट्रेंथ्स म्हणून आहे, डोनाल्ड क्लिफ्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं केलेली, गॅलप कंपनीची. त्यात ३४ थीम, म्हणजे गुणांचे प्रकार, असतात आणि तुमच्या पहिल्या पाच सांगतात. त्याचं म्हणणं मला पटतं की उणिवा भरून काढण्यात सगळी शक्ती घालवण्यापेक्षा जे मुळात चांगलं आहे ते वाढवावं. माझी पहिली आली ‘रिस्टोरेटिव्ह’, म्हणजे बिघडलेलं शोधून ठीक करणारा. मी घरी फोन करून आईला सांगायला लागलो तर मराठीत सांगता येईना. शेवटी तीच म्हणाली, अरे म्हणजे तू निस्तरतोस. अगदी बरोबर! पण आपण ‘निस्तरणं’ नेहमी तक्रारीतच वापरतो ना, तुम्ही घोळ घाला आणि मी निस्तरतो. निस्तरता येणं हा गुण आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि तो शब्द मला त्या टेस्टमधल्या शब्दापेक्षा जवळचा वाटतो.

धुळ्याहून :
वा, ‘निस्तरणं’ मस्त. याच्या उलट काही शब्द आहेत, ते टाळा. वकूब, कुवत, लायकी, पायरी. वकूब मुळात अरबी, जाण, समज असा अर्थ, त्याच घरातला ‘वाकबगार’ अजून मानाचा आहे. पण वकूब आता फक्त माणसाला खाली बसवायला वापरतात, आपला वकूब ओळखून वागावं. स्वतःला ओळखायला सांगणारे आपले बरेचसे शब्द मर्यादा दाखवणारेच, हे मला वर्गात शिकवताना नेहमी खुपतं. पोरगं ‘माझी कुवत’ म्हणतं ते नाही म्हणण्यासाठीच.

कौतुकाचे शब्द बघा, ते कामातून आलेत. पटाईत म्हणजे दांडपट्टा चालवणारा. प्रवीण म्हणजे वीणा चांगली वाजवणारा. कुशल म्हणजे हात कापून न घेता कुश गवत तोडून आणणारा, अशी जुन्या पंडितांनी दिलेली फोड आहे. निष्णात म्हणजे त्यात न्हालेला, पारंगत म्हणजे पलीकडच्या काठाला पोचलेला. आधी कुणीतरी एक काम नीट केलं, मग शब्द झाला. ‘मेहनती’ या शब्दात असं कुठलंच काम दिसत नाही, अडचण तिथं आहे.

रावेरहून :
सर, मग आमच्या केळीत एखादा शब्द व्हायला पाहिजे होता. माझ्याकडे कापणीला एक जिभाऊ येतात, वय साठच्या वर, शाळा दुसरीपर्यंत. घडाखाली उभे राहतात, मधल्या फणीतलं एक केळ अंगठ्यानं नुसतं फिरवून बघतात, कडा किती गोल झाल्यात ते, आणि सांगतात हा घड आज, हा चार दिवसांनी. लांबच्या गाडीला कच्चट लागतं, जवळच्या बाजाराला भरलेलं, ते गाडी कुठं जाणार हे आधी विचारतात आणि मगच कोयता लावतात. मी शेती शिकलो, कॉलेजला गेलो, पण अजून त्यांना विचारल्याशिवाय कापणी लावत नाही. त्यांना मी एकदा म्हटलं, जिभाऊ तुम्हाला हे कसं येतं, तर म्हणे त्यात काय आहे, दिसतंच की. त्यांना वाटतं सगळ्यांनाच दिसतं.

जळगावहून :
भाऊ, तुम्ही लिहिलेलं ‘त्यात काय आहे’ वाचलं आणि मी दोन मिनिटं थांबलेच. कारण माझंही तेच. मे-जूनमध्ये कापूस लावायच्या आधी ठिबकची घाई असते, माल उशिरा गेला की डीलर फोनवर अक्षरशः ओरडतात, आणि असा फोन आला की सेक्शनमधलं कुणीही रिसीव्हर माझ्याकडे देतं. मी काय करते तर त्याला पूर्ण बोलू देते, मध्ये एकदाही तोडत नाही, मग त्याच्या गावाला पाऊस आहे का विचारते, आणि मग गाडी कधी पोचेल ते खरं सांगते, उद्या पोचणार नसेल तर उद्या म्हणत नाही. माणूस शांत होतो. बारा वर्षं मी हे कामात धरलंच नव्हतं, मला वाटायचं माझं काम सोडून मला फोन घ्यावे लागतात.

‘सहज’ हा शब्द मी काल मुद्दाम बघितला. सह आणि ज, म्हणजे सोबत जन्मलेला. आणि ‘कसब’ अरबी, मिळवलेलं, कमावलेलं, आपण कमावलेला आवाज म्हणतो तसं. तर नानांचं आणि जिभाऊंचं मुळात कसब आहे, वर्षानुवर्षं कमावलेलं, पण त्यांना स्वतःला ते सहज वाटतं, जन्मापासूनचं वाटतं, म्हणून फॉर्म भरताना ते आठवतच नाही. मला वाटतं जिथं ‘त्यात काय आहे’ तोंडात येतं तिथंच शोधायला पाहिजे.

पुणेवाल्या भाऊंसाठी, ट्रेनिंगला आलेल्या सरांनी आम्हाला व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांची एक रीत सांगितली होती. काही महत्त्वाचं ठरवलं की काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नऊ-बारा महिन्यांनी उघडून ताडून बघायचं. दोन-तीन वर्षांत आपला हात कुठं बसतो ते कळतं. मी वही सुरू केलीय. पण अप्रेझल परवा आहे, त्यामुळे मी शेजाऱ्यांनाच विचारलं, माझ्याकडे कोणतं काम आणता. सगळ्यांनी फोन म्हटलं.

धुळ्याहून :
मग आता व्याकरणाचं एक सांगतो, मला वाटतं तुमचा प्रश्न तिथंच सुटेल. ‘हातखंडा’ लोकांनी आपल्याबद्दल म्हणायचा शब्द आहे. ‘माझा हातखंडा आहे’ म्हटलं की आपणच आपली टिमकी वाजवल्यासारखं होतं, आणि आपली माणसं तिथंच मागं सरतात, हे संस्कारच आहेत. पण मराठीत ‘मी’ बाजूला ठेवून बोलायची सोय आहे ना. मला पोहता येतं. मला हिशेब जमतो. मला सुचतं, मला कळतं, मला दिसतं. यात बढाई नाही, काम मात्र स्पष्ट सांगितलंय. अहिराणीतही तसंच, माले जमस, माले येस. रकान्यात नाम शोधूच नका ताई, क्रियापद लिहा.

भुसावळहून :
सर, हे आवडलं. वडील कधीच ‘माझा कान’ म्हणाले नाहीत. म्हणायचे, ‘मला ऐकू येतं’.

जळगावहून :
फॉर्म दिला आज. मी लिहिलं, ‘चिडलेल्या माणसाचं शेवटपर्यंत ऐकून घेणं मला जमतं, आणि गाडीची वेळ मला खरी सांगता येते.’ लिहिताना हात जड झाला होता, खोटं नाही सांगत, पण लिहिलं.

मग नानांजवळ बसले. ते अमळनेरकडचे, घरात अहिराणीच. म्हटलं नाना, चलन वाचल्यावर तुम्ही बाहेर बघता तेव्हा नक्की काय होतं? बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘काही नही ताई, माले गाडी भरेल दिसस.’ म्हणजे भरलेली दिसते. गाडी तर रिकामी उभी असते, म्हटलं. तर म्हणे हो, पण माले भरेल दिसस. रकान्यात तेच लिहिलंय, अहिराणीत, त्यांच्याच अक्षरात.