मदत हवी आहे: पीएफसी बूस्टचा इनपुट करंट वाकडा येतोय

वेटोळे: 300 वॅटचा बूस्ट पीएफसी (व्होल्टेज वाढवून पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) करतोय, आउटपुटची डीसी बस 400 व्होल्ट. पॉवर फॅक्टर 0.97च्या वर जातच नाही. करंटची साइन एका बाजूला कलते, तिसरा हार्मोनिक (मेन्सच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा भाग) मोठा. इंडक्टर बदलला, लेआउट बदलला, फरक शून्य. बोर्ड लगेच द्यायचाय. प्लीज सांगा.

फेराइट: किती लोडला? कंटिन्युअस मोड (इंडक्टरचा करंट शून्यावर येत नाही) की क्रिटिकल (दर सायकलला शून्याला टेकतो)? व्होल्टेज लूपची (बस स्थिर ठेवणाऱ्या फीडबॅकची) बँडविड्थ किती?

रोहित्र: इनपुटला समांतर कपॅसिटर टाका. मोटरला आम्ही नेहमी टाकतो, पॉवर फॅक्टर लगेच सुधारतो.

फेराइट: मोटरचा करंट साइनच असतो, नुसता मागे पडलेला. इथे आकारच बिघडलाय, कपॅसिटर काय करणार?

अर्धतरंग: इनपुटचा डायोड ब्रिज काढून टाका. गॅलियम नायट्राइडच्या स्विचचा टोटेम पोल (ब्रिज नसलेला पीएफसी) करा, एफिशियन्सी कुठल्या कुठे जाईल.

जुनं_सोल्डर: 300 वॅटला? 230 व्होल्टवर करंट 1.3 अँपिअर. ब्रिजमध्ये जेमतेम दोन-अडीच वॅट जातात. त्यासाठी झिरो क्रॉसिंगचे स्पाइक कशाला अंगावर घ्यायचे?

अर्धतरंग: ते फर्मवेअरमध्ये सॉफ्ट स्टार्ट देऊन आवरता येतात.

वेटोळे: टोटेम पोल नकोय हो! फुल लोड, कंटिन्युअस, 65 किलोहर्ट्झ, बसला 220 मायक्रोफॅरड. लोड बदलला की बस खाली बसायची म्हणून लूप 70 हर्ट्झवर नेलाय. पण त्याचा करंटच्या आकाराशी काय संबंध?

फेराइट: सगळा संबंध तिथेच आहे. या कपॅसिटरवर 100 हर्ट्झचा रिपल पीक-टू-पीक सुमारे 11 व्होल्ट असणार. लूप वेगवान असला की तो रिपल एरर अँपच्या (बसमधला फरक मोजणाऱ्या अँपच्या) आउटपुटवर उमटतो, कंट्रोलरच्या मल्टिप्लायरमध्ये इनपुटच्या साइनशी गुणला जातो आणि करंटच्या रेफरन्समध्येच तिसरा हार्मोनिक शिरतो. अँपवर 1% रिपल, तर करंटमध्ये अर्धा टक्का. अँपच्या आउटपुट पिनवर प्रोब लावून बघा आणि लूपचा क्रॉसओव्हर (बँडविड्थ) 10 ते 15 हर्ट्झवर आणा.

अर्धतरंग: बूस्ट डायोड सिलिकॉन कार्बाइडचा आहे ना? नसेल तर रिव्हर्स रिकव्हरीत मॉसफेट तापेल.

वेटोळे: डायोड तोच आहे, तो प्रश्नच नाही. फेराइट, पिनवर 100 हर्ट्झ ढळढळीत दिसला. लूप 12 हर्ट्झ केला, पॉवर फॅक्टर 0.99. पण आता फुल लोड झटकन काढला की बस 440ला उसळते, कपॅसिटर 450चा आहे.

फेराइट: लूप परत वाढवू नका. कंट्रोलरला ओव्हरव्होल्टेजची वेगळी पिन आहे ना? तिचा डिव्हायडर किती व्होल्टला सेट केलाय?