शाळेचा व्हॉट्सॲप गट आहे, पण पालक जोडले गेलेले नाहीत : काय करावे?

बालाघाटातील मुख्याध्यापक (जि. बीड) :

सर्वांना नमस्कार. डोंगरपट्ट्यातील एका जिल्हा परिषद शाळेचा मी मुख्याध्यापक आहे. पहिली ते सातवीचे वर्ग आणि पट 94. तीन वर्षांपूर्वी आम्ही पालकांचा व्हॉट्सॲप गट तयार केला, तेव्हा आता घरोघर निरोप पाठवण्याची गरज उरणार नाही असे वाटले होते. प्रत्यक्षात वेगळेच घडले.

आमच्याकडील निम्म्याहून अधिक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहतात, तर फोन सांगली-कोल्हापूरकडच्या फडात असतो. गेल्या वर्षी पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जासाठी काही कागद मागवणारा निरोप मी गटावर टाकला, आणि त्याच दिवशी एका स्थानिक पुढाऱ्याचा वाढदिवस असल्यामुळे तो निरोप शुभेच्छांच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेला. एका पालकाने तो आठ दिवसांनी पाहिला आणि मला फोन करून विचारले, "गुर्जी, आता काही होतंय का?" मुलगी हुशार होती. मुदत संपलेली होती.

त्यानंतर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था केली. शुभेच्छा थांबल्या, पण पालकही बोलायचे थांबले. आता गट म्हणजे भिंतीवरचा सूचनाफलक झाला आहे. मुलांच्या उपक्रमांची छायाचित्रे टाकावीत की नाही, याबाबतही सहकाऱ्यांत दुमत आहे. अशाच भागात काम करणाऱ्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

शिक्षिका (जि. हिंगोली) :

सर, आमच्याकडे स्थलांतर तुमच्याइतके मोठे नाही, तरी दुखणे तेच आहे. मी केलेला पहिला बदल अगदी साधा होता. प्रवेशाच्या वेळी आपण फक्त "मोबाईल क्रमांक" लिहून घेतो. मी त्यापुढे तीन रकाने वाढवले : फोन कोणाच्या हातात असतो, तो साधा आहे की स्मार्टफोन, आणि घरात वाचणारे कोण आहे. माझ्या वर्गातील बहुतेक क्रमांक वडिलांचे निघाले, काही मोठ्या भावाचे होते, आणि अभ्यासाची खरी चौकशी करणाऱ्या आईपर्यंत मात्र एकही निरोप पोहोचत नव्हता.

दुसरे म्हणजे लिहिणे कमी करून मी बोलणे वाढवले. "विहित नमुन्यातील अर्ज दिनांक अमुकपर्यंत सादर करावेत" असे वाक्य वाचून पालक घाबरतो. तेच घरच्या बोलीत एका मिनिटाच्या ध्वनिसंदेशात सांगितले, की तो उत्तरही बोलूनच देतो. ज्यांना टंकलेखन येत नाही त्यांना आपण गप्प समजतो, ही आपली चूक आहे.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. शाळेतून फोन आला म्हणजे तक्रारच असणार, असे पालकांनी गृहीत धरलेले असते. दुसरीतील एका मुलाने पहिल्यांदा न अडखळता अख्खा धडा वाचला, तेव्हा त्याचा आवाज मुद्रित करून मी फक्त त्याच्या वडिलांना पाठवला. ते त्या वेळी कारखान्यावर होते. त्यांनी तो कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) टोळीतल्या सगळ्यांना ऐकवला, असे त्याची आई गावी आल्यावर म्हणाली. त्यानंतर त्या घरातून मला दर पंधरवड्याला फोन येऊ लागला, आणि हे गटामुळे घडले नव्हते, हे लक्षात घ्या.

ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्यांच्यासाठी टोळीच्या मुकादमाच्या (मजुरांना तोडणीला नेणाऱ्याच्या) फोनवर निरोप द्यावा, असे मला वाटते.

ऊसतोड कामगारांची मुलगी (सध्या छत्रपती संभाजीनगर येथे शिकते) :

ताई, तुमचे बाकीचे म्हणणे पटले, पण मुकादमाच्या फोनबद्दल मी असहमत आहे. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, त्यामुळे त्याच्यासमोर कोणी मोकळे बोलत नाही. मुलीला शिकण्यासाठी गावी ठेवायचे की कामाला हाताशी घ्यायचे, हा विषय तर त्याच्या कानावर मुळीच जाऊ नये, कारण कोयता, म्हणजे तोडणीला माणूस, वाढला तर त्यात त्याचा फायदा असतो. निरोप टोळीतल्याच दुसऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर द्यावा.

वेळेचेही भान हवे. आई-बाबा पहाटे अंधारात फडावर जात आणि वाहन भरून होईपर्यंत त्यांना उसंत नसे. कोपीत वीज नसल्यामुळे फोन कुठे तरी दुकानात चार्जिंगला लावलेला असे. सकाळी अकराला आलेला "आज दुपारी तातडीची सभा" हा निरोप त्यांच्या काय कामाचा? रात्रीचा निरोप, आणि तोही चार दिवस आधी आलेला, एवढाच त्यांना उपयोगी पडायचा.

शाळा व्यवस्थापन समितीचे माजी अध्यक्ष (जि. लातूर) :

चर्चा चांगली चालली आहे, मात्र एक धोका नोंदवतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. आमच्याकडे गट सुरू झाल्यापासून या समितीच्या सभा हळूहळू कागदावर गेल्या. पोषण आहाराचा विषय असो की वर्गखोलीच्या दुरुस्तीचा, गटावर एक मजकूर यायचा, त्याखाली पाच-सहा अंगठे उमटायचे आणि इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" असे लिहिले जायचे. आमच्या आजोबांच्या काळी अंगठा उठवणाऱ्याला निदान कोणी तरी मजकूर वाचून दाखवत असे!

गटावर सभेची सूचना द्यावी, विषय कळवावेत, झालेल्या सभेचे इतिवृत्तही टाकावे. निर्णय मात्र सतरंजीवर बसूनच व्हावा. स्थलांतरित पालकांचे म्हणणे त्या सभेत फोनवरून ऐकवले, तर मला ते अधिक योग्य वाटेल.

संगणक क्षेत्रात काम करणारा पालक (नांदेड) :

तांत्रिक बाजू थोडक्यात मांडतो. साध्या गटात प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. शाळेच्या गटातून क्रमांक मिळवून एखाद्या आईला नको ते संदेश पाठवले गेल्याचे प्रकार माझ्या परिचयात घडले आहेत, आणि अशा एका प्रसंगानंतर त्या ताईंनी गटच सोडला. 2022 च्या अखेरीस आलेल्या 'कम्युनिटी' या सोयीत सूचनांच्या गटात सदस्यांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात. सर, तुमच्या शाळेने सूचना तिथे द्याव्यात आणि बोलण्यासाठी वर्गनिहाय छोटे गट ठेवावेत. 'ब्रॉडकास्ट' यादीवर विसंबू नका : ज्यांच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक जतन केलेला नाही त्यांना तो निरोप मिळतच नाही, आणि आपल्याकडे सिमकार्डे किती वेळा बदलतात हे तुम्हाला ठाऊकच आहे.

ॲडमिन होण्यास शिक्षक घाबरतात, म्हणून हेही सांगतो की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यामागे समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे.

छायाचित्रांबाबत मी सावधच राहीन. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घ्या. फेसबुकच्या खुल्या पानावर मुलाचे नाव, वर्ग आणि चेहरा एकत्र टाकू नका. मुलांनी काढलेली चित्रे, लावलेली रोपे, पाठमोरी रांग, यांतूनही शाळा दिसते.

बालाघाटातील मुख्याध्यापक (जि. बीड) :

सर्वांचे आभार. मुकादमाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, उलट आमच्या नोंदवहीत सात पालकांच्या नावापुढे मुकादमाचाच क्रमांक लिहिलेला सापडला. टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळी पालकसभा ठेवतो आणि फोन कोणाच्या हातात आहे याची नोंद तिथेच करून घेतो. समितीतील दोन माता हंगामात गावातच असतात. आजी-आजोबांच्या घरी जाऊन निरोप सांगण्याचे त्यांनी मान्य केले आहे. ध्वनिसंदेश रात्री साडेआठनंतर पाठवीन. पहिला संदेश कसला असावा, हे मात्र ठरले आहे : सहावीच्या एका मुलीने काल मला विहिरीच्या खोलीचे गणित तोंडी करून दाखवले, तिचे आई-वडील यंदाही जाणार आहेत.