वर्षाचं धान्य, महिन्याचा किराणा: पुण्यात कुठून भरावा?

प्रश्न: सिंहगड रोड, चार माणसांचं घर. मार्केट यार्ड, डी-मार्ट की कोपऱ्यावरचा वाणी?

गुलटेकडीकर: धान्य मार्केट यार्डातल्या भुसार (धान्याच्या घाऊक) बाजारातूनच. मूठभर तूरडाळ तळहातावर चोळून बघा. भुकटी राहिली आणि दाण्याला बारीक भोकं दिसली तर कीड आहे, पुढच्या गाळ्यावर जा. इंद्रायणी तांदूळ जुना मागा, नव्याचा भात फार चिकट होतो. भाव करताना हमाली आणि टेम्पोभाडं धरा. पाच-दहा किलोसाठी ही फेरी परवडत नाही, शेजाऱ्यांबरोबर पोतं वाटून घ्या.

कोथरूडची: साबण, तेल, बिस्किटं डी-मार्टला, छापील किमतीपेक्षा स्वस्त. फक्त तेलाच्या पिशवीवरचं वजन वाचा! लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. काही पिशव्या दिसायला तेवढ्याच, पण आत ८५० किंवा त्याहून कमी. दर किलोमागे काढा.

पेठकर: खडे मसाले रविवार पेठेत, सुटे, वास घेऊन. वाणीही सोडू नका हो. पावशेर रवा, छटाकभर जिरं तोच देतो, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला किडकी डाळ बदलूनही मिळते.