मदत हवी आहे: जर्मनीत आम्ही दोघंही परदेशी, लग्न कुठे करायचं आणि त्याच्या परमिटचं काय?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, कारण अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट मिळतात आणि माझ्याकडे आता वेळ कमी आहे.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, दोन वर्षांपासून जर्मनीत नोकरीला, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचं परमिट) आहे. माझा होणारा नवरा ब्राझीलचा, इथेच मास्टर्स करतोय, त्याचं स्टुडंट परमिट ३० सप्टेंबरला संपतंय आणि थिसिस ऑगस्टमध्ये द्यायचाय. दोन्ही घरच्यांचा होकार आहे. आईचं एवढंच म्हणणं, कागदावरचं लग्न कुठेही करा पण अक्षता आपल्याकडेच पडल्या पाहिजेत. तर अडलंय ते फक्त कागदावर.

इथल्या विवाह नोंदणी कार्यालयात (श्टांडेसआम्ट म्हणतात) गेलो तर त्यांनी दोघांना वेगवेगळ्या याद्या दिल्या. त्याची यादी सोपी, ब्राझीलहून नवा जन्मदाखला मागवायचा, त्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, आंतरराष्ट्रीय करारानुसारचा सरकारी शिक्का), इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन करून घ्यायचं, संपलं. माझं तसं नाही. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे पण जर्मनीने भारताच्या बाबतीत आक्षेप नोंदवलाय, त्यामुळे आपलं अपोस्टिल इथे चालत नाही, आणि जर्मन दूतावास आपल्या कागदांवर लीगलायझेशनचा, म्हणजे कागद खरा असल्याचा स्वतःचा शिक्काही मारत नाही. मग इथलं ऑफिस दूतावासाला विनंती करतं, दूतावास तिकडचा वकील नेमतो, तो वकील प्रत्यक्ष नगरपालिकेत जाऊन रजिस्टर बघतो आणि रिपोर्ट पाठवतो. खर्च आपला. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या चार ते सहा महिने धरून चाला.

त्यावर अजून एक. परदेशी माणसाला इथे लग्न करायचं तर स्वतःच्या देशाकडून 'हिच्या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही' असा दाखला लागतो. तसा दाखला भारत देतच नाही, म्हणून त्यातून सूट मिळावी असा अर्ज ओबरलांडेसगेरिख्टला, म्हणजे आपल्या हायकोर्टासारखं जे राज्याचं वरचं कोर्ट असतं तिथे जातो. ती सूट सहा महिनेच टिकते.

आणि आता खरी अडचण. माझ्या जन्मदाखल्यात माझं नावच नाहीये. जन्म १९९४ चा, दवाखान्याने नोंद लगेच पाठवली, बारसं बाराव्या दिवशी झालं आणि नंतर नाव चढवायला कुणी गेलंच नाही. बाबांनी व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला, लिंग स्त्री, वडिलांचं नाव, आईचं नाव सगळं नीट आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात निळ्या शाईची एक आडवी रेघ. मी तो फोटो किती वेळा मोठा करून बघितला. शाळा, पासपोर्ट, इंजिनिअरिंग सगळं झालं आणि कुणी कधी हा कागद मागितलाच नव्हता. नाव चढवायची मुदत कायद्याने १५ वर्षं, महाराष्ट्रात ती मधेमधे वाढवून दिली होती. बाबा शाळा सोडल्याचा दाखला आणि ॲफिडेव्हिट घेऊन दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा दुसऱ्या टेबलावर पाठवलं. ते ६४ वर्षांचे आहेत आणि दर वेळी फोनवर "होईल गं, तू काळजी करू नको" म्हणतात, ते ऐकून मला जास्त वाईट वाटतं.

पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये माझ्या नावापुढे बाबांचं नाव आहे, जसं आपल्या सगळ्यांचं असतं. इथल्या बाईंनी विचारलं की तुमचं दुसरं नाव पुरुषाचं कसं. अर्धा तास समजावलं, शेवटी त्यांनी पेन्सिलीने समासात काहीतरी लिहून घेतलं.

भारतात जाऊन स्पेशल मॅरेज ॲक्टखाली केलं तर नोटिशीआधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात ३० दिवस राहायला हवं, मग नोटिशीचे ३० दिवस. एवढी रजा मला नाही, आणि तो विवाहदाखला पण परत त्याच पडताळणीत जाणार.

माझे प्रश्न:
कागद कमी लागतात म्हणून डेन्मार्कला जाऊन लग्न केलं तर इथे त्याला फॅमिली परमिट मिळायला त्रास होतो का? त्याचं परमिट संपायच्या आत जाणं गरजेचं आहे का? भारतीय दूतावासात १९६९ च्या फॉरेन मॅरेज ॲक्टखाली कुणी केलंय का? प्लीज ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, एजंटचे नंबर नकोत.

प्रतिसाद १

ताई, आम्ही दोघांनी (मी पुण्याचा, बायको कोलंबियाची) हेच केलं. डेन्मार्कमध्ये २०१९ पासून सगळे अर्ज फॅमिलीरेट्सहूसेट या एकाच ऑफिसकडे ऑनलाईन जातात. लग्न करता येईल असं त्यांचं सर्टिफिकेट चार महिने चालतं, तेवढ्यात तिथल्या कुठल्याही नगरपालिकेत लग्न लावता येतं. आमच्याकडून जन्मदाखला मागितला नव्हता, पासपोर्ट, परमिट, वैवाहिक स्थिती लिहिलेलं इथलं रहिवासी प्रमाणपत्र आणि नात्याचे पुरावे (फोटो, तिकिटं, भाड्याचा करार) दिले. विवाहदाखला पाच भाषांत मिळतो, जर्मन त्यातच असतं, आणि युरोपियन युनियनमध्ये त्याला अपोस्टिल लागत नाही. पण भारतासाठी आणि ब्राझीलसाठी लागेल, ते डेन्मार्ककडूनच घ्या.

परमिटबद्दल नीट वाचा. टुरिस्ट व्हिसावर आलेली जोडपी डेन्मार्कला लग्न करून परत येतात आणि इथे अडकतात, कारण फॅमिली परमिटचा हक्क जर्मनीत परत यायच्या आधीच, लग्न लागलं तेव्हाच निर्माण झाला, आता मायदेशी जाऊन व्हिसा घ्या असं सांगतात. तुमच्या होणाऱ्या मिस्टरांकडे रेसिडन्स परमिट आहे, त्यांना इथूनच बदलता येतं, आणि तुमच्याकडे ब्लू कार्ड आहे म्हणून त्यांना ए-वन (अगदी सुरुवातीच्या पातळीच्या) जर्मनची अट पण नाही. फक्त त्यांचं परमिटचं कार्ड चालू असताना जाऊन या. कार्ड संपायच्या आत नवीन अर्ज केला तर निर्णय होईपर्यंत जो फिक्शनचा तात्पुरता कागद देतात त्यावर इथलं राहणं कायदेशीर राहतं पण त्यावर डेन्मार्कला जायची रिस्क घेऊ नका. तारीख जमलीच नाही तर डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचं परमिट मिळतं, आधी ते कार्ड हातात घ्या, मग जा.

दूतावासाचा अनुभव नाही, त्यावर बोलत नाही.

आणि बाबांचं काम थांबवू नका. आम्हाला मुलगी झाली तेव्हा तिची नोंद करताना ऑफिसने आमचे दोघांचे जन्मदाखले मागितले. तेव्हा धावपळ झाली.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार. शेवटचं वाचून मी लगेच बाबांना फोन केला. या वेळी चुलतभाऊ बरोबर जाणार आहे, बाबा एकटे जाणार नाहीत. डेन्मार्कचा अर्ज आज रात्री भरायला घेतोय, जूनच्या आतली तारीख मिळतेय का बघू. फोटो शोधताना कळलं की आमचे दोघांचे एकत्र फोटो फारच कमी आहेत, नेहमी एकजण कॅमेऱ्यामागे. भाड्याच्या करारावर मात्र दोघांची नावं आहेत.

दूतावासात कुणी केलं असेल तर अजूनही सांगा, माझ्या मैत्रिणीला तीच माहिती हवीय.