मदत हवी आहे: बोर्डावर भाव जीएसटी धरून लिहू की ‘जीएसटी वेगळा’ टाकू?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, एका बाजाराच्या गावात मोटरपंप, पीव्हीसी पाईप, फिटिंग आणि सिमेंटचं दुकान टाकतो आहे. जीएसटी नंबर मिळाला, माल उतरला, हरभऱ्याच्या ओलिताआधी शटर उघडायचं आहे. अडलंय ते भावाच्या बोर्डावर.

माझं मन म्हणतं, जेवढे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणार तेवढाच आकडा लिही. तालुक्याच्या बाजारात मी काउंटरवर बसून हे पाहिलेलं आहे. मोटर 10,000 ला ठरते. म्हातारा माणूस बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढतो, नोटा दोनदा मोजतो आणि ठेवतो. मग त्याला विचारतात, “काकाजी, पक्कं बिल पाहिजे का कच्चं?” पक्क्याचे 1,800 वर. “आता तं दहा म्हनत होते ना भाऊ!” एवढं बोलून तो कच्ची चिठ्ठी घेऊन निघतो. पुढे डीपीवर दाब कमी झाला, मोटर जळाली, की वॉरंटीसाठी बिल मागतात, आणि ते त्याच्याकडे नसतं. मला असा धंदा करायचा नाही.

पण आजूबाजूची सगळी दुकानं फोनवर मूळ भावच सांगतात. मी 11,800 म्हटलं आणि समोरचा 10,000 म्हणाला, तर गिऱ्हाईक माझी पायरी चढणारच नाही. होलसेलवाले सांगतात, ‘एमआरपीवर 40 टक्के सूट, जीएसटी वेगळा’ असा बोर्ड लाव, सगळे तसाच लावतात. त्यात ग्रामपंचायतीची कामं घेणारे ठेकेदार येतात, त्यांना बेसिक रेटच, म्हणजे कर सोडून भाव, पाहिजे असतो, कारण भरलेला कर त्यांना परत वळता करून मिळतो. शेतकऱ्याला तो वळता होत नाही, सगळा भार त्याच्याच अंगावर.

शिवाय दर बदलतात. 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. 300 रुपये मूळ भावाची बॅग एका दिवसात 384 ची 354 झाली. रंगवलेल्या बोर्डाचं काय करायचं?

कायदा काय सांगतो, आणि कर धरून भाव लावणाऱ्यांचा धंदा टिकतो का, दोन्ही सांगा. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

वहीखातं, अमरावती:
भाऊ, आधी तो 40 टक्के सुटीचा बोर्ड डोक्यातून काढा. खोक्यावर छापलेली एमआरपी ही सर्व कर धरूनच असते. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या वैध मापन नियमांत तसं स्पष्ट आहे. म्हणजे 40 टक्के सूट दिल्यावर उरलेल्या रकमेतही कर आलेलाच आहे, त्यावर पुन्हा 18 टक्के लावता येत नाहीत. नेमक्या अशाच प्रकरणात, सवलतीच्या किमतीवर वेगळा व्हॅट (जीएसटीच्या आधीचा विक्रीवरचा कर) घेतला म्हणून, राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2017 मध्ये दुकानाविरुद्ध निकाल दिला आणि त्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं. सगळे लावतात म्हणून ते बरोबर होत नाही.

एमआरपीचा आधार न घेता तुम्ही स्वतःचा भाव सांगता, तेव्हा तो कर धरून सांगा की सोडून, यावर जीएसटी कायदा बोलत नाही. मात्र बिलावर कराची रक्कम वेगळी दाखवावीच लागते, ते कलम 33. कर धरून भाव असेल तर कर काढायचं सूत्र नियम 35 मध्ये आहे: 11,800 ला 18 ने गुणा आणि 118 ने भागा, 1,800 येतात. पुष्कळ दुकानदार 11,800 चेच 18 टक्के काढतात, 2,124 येतात, आणि मग कर धरून विकणं परवडत नाही म्हणून बसतात. भाव कर धरून सांगा की सोडून, तुमच्या हातात 10,000 च राहतात.

अजून एक. पक्क्या बिलाचे 18 टक्के वेगळे, ही भाषाच चुकीची आहे. कर विक्रीवर लागतो, गिऱ्हाइकानं बिल मागितलं म्हणून लागत नाही. शेजारचा दुकानदार कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही, त्यानं तो उलाढालीच्या 1 टक्का स्वतः भरायचा असतो. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की कोण नियमित आणि कोण कंपोझिशनमध्ये ते कोणालाही दिसतं.

तुरीचा पाटा:
दादा, मी शेतकरी आहे, मोटर विकत घेणारा. मले तुमचा विचार पटला. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज केला, पूर्वसंमती आली, तर जीएसटीचं बिल अपलोड कराच लागते. तिथं कच्च्या चिठ्ठीले कोणी विचारत नाही. दुकानात गेल्यावर समजते का आकडा वाढला, मंग सावकाराकडे नाई तं सोयऱ्याकडे जा. युरियाची 45 किलोची बॅग 266 रुपये 50 पैशाची, कर धरून. कृषी केंद्राच्या दारावर साठा अन् भाव लिहून असते, तिथं कोणी कर वेगळा म्हणत नाही. मोटरीले का म्हणता मंग? लोकाइले एकदा समजलं का या दुकानात सांगितला तोच भाव, तं ते दहा कोस चालून येतीन. पह्यल्या हंगामात थोडा दम धरजा.

नागपूर ते न्यू जर्सी:
इकडे अमेरिकेत पाटीवर मूळ भाव आणि कर काउंटरवर, हे आता अंगवळणी पडलं आहे, पण आवडलेलं नाही. त्याला निदान एक कारण आहे: न्यू जर्सीत विक्रीकर 6.625 टक्के आणि नदी ओलांडून न्यूयॉर्क शहरात 8.875. राज्य, काउंटी, शहर, प्रत्येकाचा वाटा निराळा. भारतात मोटरीवरचा कर यवतमाळात जो तोच कोचीत, मग ही सबब आपल्याला लागूच होत नाही. जपाननं तर एप्रिल 2021 पासून कर धरूनच एकूण किंमत दाखवणं सक्तीचं केलं.

हिंगणघाटचा हार्डवेअरवाला:
आमचं दुकान कर धरूनच भाव सांगतं. सुरुवातीला फोनवरची गिऱ्हाइकं तुटली, हे खरं सांगतो. उपाय एवढाच सापडला: फोनवर एकटा आकडा कधी द्यायचा नाही. “11,800, पक्क्या बिलासकट, वॉरंटी कार्डावर शिक्क्यासकट, दुसरीकडे विचारताना तिथंही हेच धरून विचारा.” निम्मे लोक पुन्हा फोन करतात. ठेकेदारांसाठी वेगळं कोटेशन काढा, त्यात बेसिक आणि कर दोन रकाने. बोर्ड मात्र शेतकऱ्यासाठी. आणि रंगवू नका, पांढऱ्या बोर्डावर पेनानं लिहा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. वहीखातं दादा, 2,124 चा तो हिशेब मलाही एकानं असाच करून दाखवला होता, आता उलगडा झाला. होलसेलवाल्यांना सुटीच्या बोर्डाचं नाही म्हणून कळवलं.

मजकूर असा ठरवतो: ‘लिहिलेला भाव जीएसटी धरून आहे. प्रत्येक विक्रीला पक्कं बिल. वेगळे पैसे नाहीत.’ खाली मोटर, पाईप, सिमेंट, आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरात त्यातला कर. यात काही खटकत असेल तर सांगा.

हिंगणघाटचा हार्डवेअरवाला:
‘वेगळे पैसे नाहीत’ काढा. पाईप शेतापर्यंत पोचवायचं गाडीभाडं तुम्ही घेणारच. ‘गाडीभाडं वेगळं’ लिहा आणि गावनिहाय आकडा पण तिथंच लिहा.