गरिबीची चौकट

इथल्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की सिनेमात आदिवासी पोराचं बालपण दाखवायचं तर फाटका सदरा आणि रिकामी चूल येणारच. मला हे अर्धंच पटतं. 'फँड्री' (२०१३) हा सिनेमा आठवा. त्यातलं कैकाडी कुटुंब विमुक्तांमधलं, आदिवासी नव्हे, हे आधीच सांगतो. पण गरिबी तिथंही आहे, आणि लक्षात राहतो तो काळ्या चिमणीमागं धावणारा त्या घरातला पोरगा, जब्या. पोराला स्वतःचं काही हवंय, हे आधी दिसतं.

आमच्या नांदेडच्या किनवट-माहूर पट्ट्यात गोंड, कोलाम, परधान, आंध हे आदिवासी राहतात. दिवाळीत दंडारी, म्हणजे गोंडांचा नाच, निघते. एका वर्षी किनवटकडच्या एका गुड्यात, म्हणजे पाड्यावर, बघायला गेलो होतो. घुसाडी (दंडारीतला सोंग घेऊन नाचणारा) झालेल्या माणसाच्या डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, अंगाला राख. त्याच्या मागं सात-आठ वर्षांचं पोरगं, दोन्ही हातांत बापाच्या चपला धरून, ढोलाच्या ठेक्यावर पाय टाकत होतं. मधेच चपला काखेत मारून नाक पुसलं आणि पुन्हा ठेका धरला. कॅमेरा असता तर टोपावरच खिळला असता, हे नक्की!

आणि भाषेचं काय? घरी गोंडी किंवा कोलामी, दोन्ही द्राविडी, म्हणजे मराठीहून वेगळ्याच कुळातल्या; शाळेत मराठी. पहिलीतलं पोरगं वर्गात गप्प बसतं ते लाजून नाही, त्याला शब्दच कळत नाहीत. सिनेमात मात्र तेच पोरगं तोडकंमोडकं मराठी बोलतं नि थेटरात हशा पिकतो. गोंडीतच बोलू द्या की त्याला, खाली मराठी अक्षरं टाका. कोरियन मालिका वाचत बघतोच ना आपण?